भिंतीवरचे पान

(रायगड जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या हरिहरेश्वर येथे झालेल्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने 'वर्गातील फलक' या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल सायंकाळी येथे पोहोचलो. रीतीप्रमाणे आधी कालभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घेतले आणि प्रदक्षिणेच्या वाटेकडे वळलो. आपण सारे या परिसरातले. त्या वाटेचे वर्णन मी आपल्याला करायला नको. खडकाच्या खिंडीतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम समोर समुद्र येतो. ओहोटीला ती वाट जितकी रमणीय, भरतीला तितकीच घातक. तेथे आजवर माणसे वाहून गेलेली आहेत. भरतीच्या वेळी खाली उतरू नये, ही सूचना त्यासाठीच आहे.

काल भरती चढत होती. बाहेरगावचे एक कुटुंब सूचनेच्या पाटीशेजारी उभे राहून छायाचित्रे काढीत होते. छायाचित्रे काढून झाली आणि मंडळी पायऱ्या उतरू लागली. तेवढ्यात फुलांची परडी घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी हाक मारली, "अहो, पाणी चढतंय, आत्ता जाऊ नका. उद्या सकाळी या." मंडळी मुकाट्याने मागे फिरली.

मी विचार करीत राहिलो. पाटी जे सांगत होती, तेच आजीबाईंनी सांगितले. मग पाटीचे कोणी ऐकले नाही आणि आजीबाईंचे का ऐकले? पाटी बारा महिने, दिवसाचे चोवीस तास तेच वाक्य बोलते. आजीबाई आजचे बोलत होत्या, समोरच्या माणसाला उद्देशून बोलत होत्या आणि बोलणारे माणूस डोळ्यांपुढे होते. माध्यमिक शाळेतील फलकाविषयी मला आज जे मांडायचे आहे, त्याचे सार या प्रसंगात आले आहे. आपल्या शाळांतील बहुतेक फलक पाटीसारखे झाले आहेत. ते त्या आजीबाईंसारखे कसे होतील, याचा आपण विचार करू.

फलक आहे, वाचक नाही

आपल्या शाळांत फलकांची वाण नाही. प्रवेशद्वारापाशी सुविचार असतो, व्हरांड्यात दिनविशेष असतो, कार्यालयाबाहेर काचेच्या पेटीत परिपत्रके असतात. वर्गात मागच्या भिंतीवर एक भित्तिफलक असतो. जूनमध्ये उत्साहाने रंगीत कागद चिकटवले जातात, थर्माकोलची अक्षरे कापली जातात, थोर पुरुषांची चित्रे लागतात. गणपतीपर्यंत त्या कागदांचा रंग उडतो. दिवाळीनंतर टाचण्या गंजतात. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा धावपळ होते. वर्षभर त्या फलकाखाली बसणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे काय लिहिले आहे असे विचारले, तर तो मागे वळून पाहतो आणि मग सांगतो.

यात शिक्षकांचा आळस आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्यावर अशैक्षणिक कामांचा किती भार असतो, हे मी जाणतो. अडचण निराळी आहे. आपण फलकाला सजावट मानले. सजावट एकदा केली की झाली. फलक हे वर्गाचे वर्तमानपत्र आहे असे मानले, तर मात्र तो शिळा ठेवता येणार नाही.

आणि हे वर्तमानपत्र आज कधी नव्हे इतके आवश्यक झाले आहे. नववी-दहावीच्या मुलाच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे. स्वतःचा नसला तर वडिलांचा आहे. त्याच्यापुढे दिवसभरात शेकडो मजकूर येतात. ते कोणी लिहिले, कधी लिहिले, कोठून आले, याचा पत्ता नसतो. एका बोटाने ते पुढे ढकलता येतात आणि ढकलणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. या वयात जी सवय लागते ती जन्मभर टिकते. ज्या मुलाला खात्री न करता बोलण्याची सवय लागली, तो उद्या मतदार होईल, पालक होईल, कदाचित कार्यकर्ताही होईल. म्हणून हा प्रश्न केवळ वर्गसजावटीचा नाही, तो चारित्र्याचा आहे.

माझ्या हातून घडलेली चूक

येथे मी एक जुनी आठवण सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

१९८३ चा पावसाळा. मी एका तालुक्याच्या गावी नववीत शिकत होतो. आमच्या हायस्कूलच्या दारात एक मोठा काळा वार्ताफलक होता. वर्तमानपत्र गावात उशिरा येई, त्यामुळे मुलेच काय, रस्त्याने जाणारे लोकही तो फलक वाचीत. माझे अक्षर बरे होते, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी सकाळी शाळेत येताना एस.टी. स्टँडवर मी ऐकले की, मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीला घाटात अपघात झाला. मी धावत शाळेत आलो, कोणालाही न विचारता खडू उचलला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिले की, रात्रीच्या मुंबई गाडीला घाटात भीषण अपघात झाला आहे.

आठवीत एक मुलगी होती. तिचे वडील मुंबईत गिरणी कामगार. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला होता. हाताला काम नाही म्हणून कोकणातले कितीतरी चाकरमानी तेव्हा गावी परतत होते. तिचे वडील त्याच गाडीने यायचे होते. तिने फलक वाचला आणि दप्तर तेथेच टाकून भर पावसात ती घराकडे धावत सुटली. तिच्या घरी आकांत झाला. दुपारी वडील सुखरूप घरी आले. घाटात झाड आडवे पडले होते, ते चुकवताना गाडी गटारात गेली होती. दोन काचा फुटल्या होत्या. कोणाला खरचटलेदेखील नव्हते.

आमच्या सरांनी मला बोलावले. छडी खायची तयारी ठेवूनच मी गेलो. सरांनी शांतपणे विचारले, "बातमी कोठे मिळाली?"

"स्टँडवर, सर."

"सांगणाऱ्याने अपघात पाहिला होता का?"

"नाही, सर."

"आणि 'भीषण' हा शब्द त्याचा की तुझा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तो शब्द माझा होता. तो लिहिताना मला किंचित आनंदच झाला होता, हे मला त्या क्षणी उमगले.

शाळा सुटल्यावर सर मला घेऊन त्या मुलीच्या घरी गेले. मी तिच्या आईवडिलांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच फलकावर, त्याच जागी, तेवढ्याच टपोऱ्या अक्षरांत मला लिहायला लावले की, काल येथे दिलेली बातमी चुकीची होती, ती मी खात्री न करता लिहिली. खाली माझे नाव आणि इयत्ता. तो मजकूर तीन दिवस तसाच राहिला. ते तीन दिवस मी मान खाली घालून दारातून आत शिरत होतो. चौथ्या दिवशी सकाळी सरांनी फळा स्वतः पुसला, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लिही आता."

पुढे मी कला शाखेचा पदवीधर झालो, पत्रकारितेत आलो, अनेक संपादकांच्या हाताखाली काम केले. पण पत्रकारितेचा पहिला धडा मला त्या फळ्याने दिला. सरांनी मला दुरुस्ती लिहायला लावली हे जितके महत्त्वाचे, तितकेच चौथ्या दिवशी खडू परत दिला हेही महत्त्वाचे. त्यांनी तो काढून घेतला असता, तर मी फक्त घाबरायला शिकलो असतो.

नाव, तारीख आणि ठिकाण

फलकावरच्या मजकुराला तीन गोष्टी असतात. लिहिणाऱ्याचे नाव असते, तारीख असते आणि ठिकाण असते. ही काही आजची रीत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या आक्षी येथे एक शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ हा काळ दिलेला आहे. राज्य कोणाचे, दान कोणी दिले, कोणत्या देवतेसाठी दिले, केव्हा दिले, हे सारे त्या दगडावर कोरलेले आहे. हजार वर्षांपूर्वी उघड्यावर उभा केलेला हा गावाचा फलकच नव्हे काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद आपण साजरा केला. त्या निमित्ताने वर्गाच्या फलकावर या आपल्या जिल्ह्यातल्या शिलालेखाचे रेखाचित्र आणि वाचन लावले, तर मुलांना आपल्या भाषेचे वय डोळ्यांनी दिसेल.

अक्षर कसे असावे, हे सांगायलाही आपल्याला परदेशी पुस्तक उघडावे लागत नाही. समर्थांनी दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. परंपरा सांगते की, दासबोधाची रचना आपल्याच जिल्ह्यातील शिवथर घळीत झाली. त्या समासात समर्थ अक्षराची गोलाई सांगतात, ओळीची सरळता सांगतात, पानाच्या कडेने जागा मोकळी सोडावी असे सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे, असेही बजावतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी लिहिणाऱ्याने करावी, हे यातले तत्त्व. फलकाच्या बाबतीत तो वाचणारा म्हणजे शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी.

शाळा आणि वृत्तपत्र यांचे नातेही आपल्याकडे जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, आणि ते अध्यापकही होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक या मंडळींनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि बरोबर एका वर्षाने, १८८१ च्या जानेवारीत, आगरकरांच्या साथीने 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू केली. विद्यार्थ्याला शिकवणे आणि समाजाला जागे करणे ही त्यांना एकाच कामाची दोन अंगे वाटत होती.

आणि आपल्या शेजारचेच आणखी एक उदाहरण. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे रत्नागिरी जिल्हा. तेथल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत. राजकीय विचारांत गुरुजींचा मार्ग आणि आपला मार्ग वेगळा होता. पण मुलांसाठी रोज काहीतरी नवे लिहिण्याची ती निष्ठा आपण त्यांच्याकडून निःसंकोच घ्यावी. 'साधनांचा अभाव' हे शब्द ओठांवर येतील तेव्हा त्या हस्तलिखित दैनिकाची आठवण करावी.

हरिहरेश्वरचा एक दिवस

आता याच गावातला एक दिवस आठवू. १८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. येथील किनाऱ्यावर एक बेवारस नौका आढळली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. सारा महाराष्ट्र हादरला. आणि हादरणे स्वाभाविकच होते. १९९३ साली याच श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली होती. त्या वर्षी १२ मार्चला मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मारली गेली. ती जखम या किनाऱ्याच्या उरावर आहे. ज्या कोणी ती नौका पाहून पोलिसांना कळवले, त्याने आपले कर्तव्य केले.

पण त्या दिवशी भ्रमणध्वनीवरून काय काय फिरले, ते आठवा. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात प्राथमिक माहिती दिली. नौका ऑस्ट्रेलियन मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना जून महिन्यात तिचे इंजिन बिघडले, नौकेवरील माणसांची सुटका झाली, आणि खवळलेल्या समुद्रामुळे ओढून नेता न आलेली ती नौका वाहत आपल्या किनाऱ्याला लागली, अशी ती माहिती होती. तपास पुढे चालूच राहणार होता. मात्र ही माहिती आली तरी आधीच्या अफवा फिरतच राहिल्या. खोटी बातमी पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी खरी बातमी तितक्याच तत्परतेने पाठवली?

कल्पना करा की, त्या दिवशी येथल्या नववीच्या वर्गात एक जिवंत फलक आहे. त्यावर तीन रकाने आहेत. पहिल्यात 'आपल्याला नक्की कळलेले', दुसऱ्यात 'सांगितले जाते, पण खात्री नाही', तिसऱ्यात 'कळायचे बाकी'. सकाळी दुसरा रकाना भरलेला असेल. सायंकाळपर्यंत त्यातल्या काही ओळी पुसल्या जातील, काही पहिल्या रकान्यात जातील. घाबरणे आणि सावध राहणे यांतला फरक त्या मुलांना कोणत्याही भाषणापेक्षा त्या तीन रकान्यांतून अधिक कळला असता. किनाऱ्यावरच्या मुलांना सावधपणाची गरज आहे; घाबरट आणि उतावीळ मुले किनाऱ्याचे रक्षण करू शकत नाहीत.

येथे आपल्या घरातलेही थोडे बोलतो, कारण हे व्यासपीठ आपल्या माणसांचे आहे. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वश्रेष्ठ ठरवले, असा मजकूर आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पुढे पाठवला. युनेस्कोने तसे काहीही जाहीर केलेले नाही. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत म्हणून जे चित्र फिरते, ते दिवाळीच्या रात्रीचे नाही. अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून, दिव्यांची वाढ दाखवण्यासाठी ते तयार केलेले आहे. मजकूर आपल्या अभिमानाचा असला की आपण तपासत नाही. पण ज्या देशाने 'सत्यमेव जयते' हे ब्रीद स्वीकारले, त्याच्या गौरवाला असत्याचा टेकू कशाला हवा? आपल्या विद्यार्थ्याने बाहेर अभिमानाने काही सांगावे आणि तेथे कोणी ते खोटे ठरवावे, यात मान खाली जाते ती त्या विद्यार्थ्याची. ती वेळ त्याच्यावर येऊ नये, हे आपले दायित्व आहे.

फलक चालवावा कसा?

आता काही व्यावहारिक सूचना. यांना पैसा फारसा लागत नाही. सातत्य मात्र लागते.

पहिली गोष्ट जागेची. फलक मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावा, मोठ्यांच्या नव्हे. मागच्या भिंतीपेक्षा दाराजवळची जागा बरी, कारण तेथे मुले थबकतात. फलकाचा निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा. खच्चून भरलेला फलक कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. प्रत्येक कागदावर लावल्याची तारीख असावी आणि उतरवण्याचीही. सात दिवस पुरेत. उतरवलेला कागद फेकू नये, क्रमाने फाइलला लावावा. वर्षाअखेर ते शाळेचे आणि गावाचे दप्तर होईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. ज्या रोठा सुपारीने श्रीवर्धनचे नाव झाले, तिच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. कोणाच्या वाडीत किती झाडे उरली, पुन्हा लावलेली रोपे आज केवढी झाली आहेत, याची नोंद मुलांनी घरोघर जाऊन केली, तर ती माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. त्या वादळानंतर वीज आणि दूरध्वनी किती दिवस बंद होते, हे आपण अनुभवले आहे. अशा वेळी गावाला खडू आणि फळा यांचाच आधार असतो. तो चालवता येणारी मुले तयार असली पाहिजेत.

तिसरी गोष्ट मुलांच्या गटाची. दर आठवड्याला पाच विद्यार्थी घ्यावेत. एक बातमी आणील, एक ती पडताळील, एक लिहील, एक मांडणी करील, एक जुने कागद उतरवून जपून ठेवील. गट दर आठवड्याला बदलावा. सुंदर अक्षराच्या त्याच दोन मुली वर्षभर राबतात आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक राहतो, असे होऊ नये. पडताळणीचे काम मुद्दाम वात्रट मुलाला द्यावे. शंका काढण्यात तो तरबेज असतो. आणि लिहून झाल्यावर शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने जागेवरून मथळा वाचून दाखवावा. त्याला वाचता आला, तरच फलक पूर्ण झाला असे समजावे.

चौथी गोष्ट, फलकावर रोज एक तरी नोंद मुलांनी स्वतः घेतलेली असावी. उदाहरणार्थ, भरतीची वेळ. आपल्या कोळी बांधवांचा आडाखा आहे की, तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. मुलांनी फलकावर तीन आकडे लिहावेत. आडाख्याने आलेली वेळ, छापील तक्त्यातील वेळ आणि खाडीवर जाऊन प्रत्यक्ष पाहिलेली वेळ. महिनाभरात त्यांना कळेल की, वाडवडिलांचा आडाखा किती जवळ जातो आणि कोठे थोडा चुकतो. परंपरेचा आदर करण्याची ही खरी रीत होय. डोळे मिटून तिचा जयजयकार करण्याने तो साधत नाही. पावसाळ्यात सरळ भिंतींचे एक भांडे उघड्यावर ठेवून रोज त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. गणित, भूगोल आणि पंचांग एकाच फलकावर येतील.

पाचवी गोष्ट, काय लावू नये. फी न भरलेल्यांची यादी फलकावर लावू नये. नापासांची नावे लावू नयेत. बापाच्या गरिबीची जाहिरात मुलाच्या डोळ्यांपुढे रोज टांगलेली असेल, तर त्याच भिंतीवरचा सुविचार त्याला कोणत्या तोंडाने वाचायला सांगायचा? फलक हे वर्गाचे घर आहे, चव्हाट्यावरचा खांब नव्हे.

आणि सहावी गोष्ट माझ्या सरांची. फलकाच्या उजव्या कोपऱ्यात 'दुरुस्ती' असा एक चौकोन कायम असावा. चूक झाली की ती तेथे नावानिशी मान्य करावी. त्या चौकोनाचा मान ठेवण्याचे काम शिक्षकांचे. दुरुस्ती लिहिणाऱ्याला वर्ग हसणार नाही, हे आपण पाहिले पाहिजे. आणि कधी शिक्षकांची स्वतःची चूक झाली, तर त्यांनीही त्याच चौकोनात लिहावे. तो दिवस विद्यार्थी विसरणार नाहीत.

नावाचा प्रश्न

अभ्यासवर्गाच्या सुरुवातीला एका बंधूंनी मला विचारले, की नावाचा एवढा आग्रह कशासाठी? आणीबाणीत आपल्या कार्यकर्त्यांनी वाटलेल्या भूमिगत पत्रकांवर कोठे नाव होते? प्रश्न रास्त आहे. २५ जून १९७५ नंतर वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. तेव्हा सायक्लोस्टाइल केलेली पत्रके रातोरात घरोघर पोहोचवणाऱ्यांनी नाव लपवले, कारण खरे बोलण्याची शिक्षा तुरुंगवास होती. पण ज्यांनी ती पत्रके वाटली, ते पकडले गेल्यावर तुरुंगातही गेले. शब्दांची किंमत मोजण्याची त्यांची तयारी होती. आज निनावी मजकूर पुढे ढकलणारा कोणतीच किंमत मोजत नाही. जेथे मोकळेपणाने बोलता येते, तेथे नाव सांगूनच बोलावे, हा सरळ नियम आहे.

बंधू-भगिनींनो, मी आपल्याकडे फार मोठे मागणे घेऊन आलेलो नाही. या अभ्यासवर्गातून परत गेल्यावर आपापल्या वर्गातला जुना फलक एकदा रिकामा करा. कागद उतरवा, टाचण्या काढा, भिंत पुसा. मग पाच विद्यार्थ्यांना बोलावून विचारा की, आज आपल्या गावात काय घडले आणि ते तुम्हाला कसे कळले? ते जे सांगतील ते त्यांनाच लिहू द्या, आणि खाली त्यांचे नाव घालायला सांगा. पहिले काही दिवस अक्षर वेडेवाकडे येईल, चुका होतील. खडू त्यांच्या हातातून काढून घेऊ नका.

उद्या पहाटे ओहोटी आहे. आजीबाईंच्या सांगण्याप्रमाणे मी प्रदक्षिणेला जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल, त्यांनी जरूर यावे.

 वंदे मातरम्.